उसाच्या फडातला बिबट्या : भीती, माहिती आणि खबरदारी



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट, ठिबक असे विषय वाचत आला आहात. या अंकासाठीही खोडवा व्यवस्थापनाचा लेख आम्ही लिहून ठेवला होता. तो बाजूला ठेवावा लागला. गेल्या गळीत हंगामात गट कार्यालयांतून आमच्याकडे जे निरोप आले, त्यांत खताचे आणि तोडणी तारखेचे निरोप होतेच. पण दर दोन-चार दिवसांनी एक निरोप वेगळा असे.

"साहेब, आमच्या फडात बिबट्या आहे, आमची टोळी आधी द्या."

"साहेब, टोळी आली पण फडात शिरत नाही, पिंजरा लावायला सांगा."

"साहेब, रात्रीची लाईट आहे आणि दारं धरायला गडी येईना."

बिबट्या हे वनखात्याचे काम, ऊस विकास विभागाचा त्यात काय संबंध, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण हा प्राणी आज राहतो कुठे? तुमच्या-आमच्या उसात. आपण ज्या तारखेला लावण करतो, ज्या तारखेला तोड करतो, त्यावर त्याचे येणे-जाणे ठरते. म्हणून या अंकात आम्हांला जे ठाऊक आहे, जे अभ्यासकांच्या लिखाणातून समजले आणि जे आमच्या स्वतःच्या चुकीतून शिकायला मिळाले, ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

पूर्वी इकडे लांडगा होता

आपल्या कार्यक्षेत्रातील सत्तरी ओलांडलेल्या कोणाही सभासदाला विचारा. ते सांगतील की त्यांच्या लहानपणी या गावांत बिबट्या नव्हता. बिबट्या म्हणजे घाटातला, माळशेजचा, भीमाशंकरचा, हरिश्चंद्रगडाकडचा. आपल्याकडे होते माळरान. पावसावरची बाजरी, हुलगा, मटकी, आणि उरलेल्या रानात मेंढरे. मेंढरांमागे लांडगा. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण शाळेत शिकलो ती काही उगाच नाही. खोकड होते, तरस होते, काही भागांत काळवीट होते.

घाटातल्या बिबट्यालाही फार सुख होते असे नाही. इंग्रजी अमदानीत तो मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. पुढेही बंदुकीचा परवाना असलेल्यांनी शिकार केलीच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीला बंदी आली. बिबट्या आज त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्याला.

त्याच सुमारास आपल्याकडे दुसरी मोठी गोष्ट घडत होती, ती पाण्याची. प्रवरेच्या पट्ट्यात भंडारदऱ्याचे पाणी १९२६ च्या आगेमागेच आले होते, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे त्यानंतरची. पाट फिरले, विहिरींना पाझर लागला, उपसा योजना झाल्या. माळ मोडला आणि ऊस उभा राहिला. आपल्या घरातली मुले शिकली, पक्की घरे झाली, ती या पाण्यावर आणि या उसावर. त्याबद्दल कोणी वाईट वाटून घ्यावे असे नाही.

पण माळ मोडला तसा माळावरचा लांडगा हटला. त्याला उघडे रान लागते. दाट पिकात तो रमत नाही. बिबट्याचे नेमके उलट. त्याला आडोसा लागतो. म्हणजे आपण एकाचे घर मोडले आणि नकळत दुसऱ्याचे बांधले. जिथे त्याचे कधी नावही नव्हते, तिथे तो नद्या-ओढ्यांच्या काठाने, उसाउसातून खाली उतरला. आता तो पाहुणा राहिलेला नाही.

ऊसच का?

आपली आडसाली लावण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोड येते सोळा-अठरा महिन्यांनी. मोठी बांधणी झाली की आपण पिकात जवळजवळ जातच नाही. कडेने पाणी सोडायचे, एवढेच. म्हणजे वर्षभर आत माणूस नाही, सावली आहे, ओल आहे, बारा फुटांचा आडोसा आहे. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ असतो सुमारे तीन महिन्यांचा. एका आडसाली उसाच्या आयुष्यात ती त्यात येऊन विते, पिल्ले चालती करते, आणि कोयता पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. ज्या पिल्लाने डोळे उसातच उघडले, त्याला जंगल म्हणजे काय ते ठाऊकच नसते. त्याचे रान तेच.

राहण्याची सोय झाली; खाण्याचे काय? यावर अकोले तालुक्यात चांगला अभ्यास झाला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे शेतीच्या, वस्तीच्या मुलखात झाडांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधले. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या भागात, शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस निघाले. मोठे जंगल जवळ नसताना! पुढे २०१४ साली त्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार मांडला. त्यातले ८७ टक्के वजन पाळीव आणि गावातल्या जनावरांचे होते, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या तिथे कुत्र्यांच्या कितीतरी पट. पण आहारात त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण साधे आहे. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रे मोकळे.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली ही की बिबट्या बहुतेक ठिकाणी माणसाच्या वाटेला न जाता माणसाच्या शेजारी राहतो. आपल्याला तो दिसत नाही म्हणून तो नाही असे नव्हे. दुसरी ही की तो जगतो आपल्या उकिरड्यावरच्या कुत्र्यांवर. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकल्या, खरकट्याचे ढीग रस्त्याकडेला टाकले, की कुत्री वाढतात. आणि कुत्र्यांमागे कोण येते ते वर सांगितलेच.

आमच्या हातून झालेली चूक

आता थोडे आमच्याविषयी. कृषी पदविका घेऊन आम्ही शेतकी खात्यात मदतनीस म्हणून लागलो, त्याला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. नोकरीच्या पहिल्या काही हंगामांतली गोष्ट. एका फडात तोड चालू असताना पाचटाच्या ढिगाजवळ तीन पिल्ले सापडली. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. टोळी थांबली. मुकादमाने आम्हांला निरोप दिला.

आम्ही मोटारसायकलवर गेलो आणि फार मोठे काम करतो आहोत अशा थाटात ती पिल्ले एका खोक्यात घालून गट कार्यालयात आणली. तासाभरात सारा गाव लोटला. मुलांनी हाताळली, कोणी गाईचे दूध आणून पाजले, फोटो निघाले. आम्हीही एक काढून घेतला. वनरक्षक आले ते संध्याकाळी. त्यांनी खोके पाहिले आणि आम्हांला कोपऱ्यात घेऊन एवढेच म्हणाले, "साहेब, आता रात्री काय होतंय ते बघा."

फड निम्मा तुटला होता. पलीकडच्या बांधाला टोळीच्या कोप्या होत्या. त्या रात्री मादी आली. पिल्ले जिथे होती तिथे आली, मग कोप्यांभोवती फिरत राहिली. माणसे लेकरांना पोटाशी धरून, भांडी वाजवीत बसून राहिली. पहाटे पाहिले तर एका कोपीपुढे बांधलेली शेळी गेलेली. दुसऱ्या दिवशी पिल्ले त्याच जागी नेऊन ठेवली, पण बघ्यांची गर्दी हटेना. मादी जवळ आली नाही. तिसऱ्या रात्री गावातल्या चार जाणत्या मंडळींनी रस्ता अडवून धरला, तेव्हा ती आली आणि पिल्ले एकेक करून घेऊन गेली.

ज्या बाईची शेळी गेली ती सकाळी आमच्यापुढे येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "साहेब, पिल्लं तुम्ही उचलली, शेळी माझी गेली."

आमच्याकडे उत्तर नव्हते. पंचनामा होईपर्यंत टोळी थांबली असती तर तिला भरपाई मिळती. पण गाळप थांबू नये म्हणून टोळी पुढच्या गावाला हलविण्याचा आदेश निघाला होता, आणि तो कागद आम्हीच लिहिला होता. टोळी गेली, शेळीचा विषय तिथेच संपला. तो फोटो आम्ही पुढे कोणाला दाखविला नाही.

पिंजरा लावला म्हणजे प्रश्न सुटतो काय?

फडात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची. आम्ही सभासदांच्या जागी असतो तर आमचीही तीच असती. पण जुन्नरचा अनुभव काय सांगतो ते ऐका.

२००१ च्या आधीच्या काही वर्षांत जुन्नर वनविभागात माणसांवर हल्ले होत ते वर्षाला सरासरी चार. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. उसात दिसला, धर आणि घाटात सोड. हेतू चांगला होता. पण पुढच्या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली, आणि त्यांत जीव जाण्याचे प्रमाणही वाढले. ही आकडेवारी २०११ साली अभ्यासकांनी प्रसिद्ध केली.

असे का झाले असावे? बिबट्या आपल्या हद्दीतले सारे ओळखून असतो. कुठल्या वस्तीवर कुत्री आहेत, माणसे कोणत्या वेळी कुठे असतात, हे त्याला माहीत असते. त्याला उचलून अनोळखी जागी टाकला की तो बिथरतो, भटकतो, परत फिरू पाहतो. आणि इकडची मोकळी झालेली जागा दुसरा कोणी तरणा नर येऊन धरतो, ज्याला आपल्या गावाची माहिती नसते. विहिरीवरचा जुना, समजूतदार गडी काढून नवखा ठेवल्यासारखे.

तो किती चालू शकतो याचेही एक उदाहरण आहे. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याला आजोबा म्हटले. हा आजोबा रेल्वे रूळ, हमरस्ते ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून महिन्याभरात थेट मुंबईच्या बाजूला पोहोचला. वाटेत त्याने माणसावर हल्ला केला नाही. २०११ च्या डिसेंबरात रस्त्यावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला; आपल्यापैकी काहींनी तो पाहिला असेल.

याचा अर्थ पिंजरा कधीच लावू नये असा नाही. माणसावर हल्ला करणारा, विहिरीत पडलेला, जखमी झालेला बिबट्या पकडावाच लागतो. त्यासाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. पण नुसता दिसला म्हणून पिंजरा, हा हिशेब तोट्याचा आहे.

भीती खोटी नाही

हे सारे लिहिताना आम्हांला एक सावधगिरी बाळगायची आहे. अभ्यासाचे आकडे शहाणे असतात. पण ज्याच्या घरातले माणूस गेले त्याच्यापुढे आकडा ठेवता येत नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत तीन जीव गेले. त्यांत एक लहान मुलगी होती, एक वृद्ध महिला होती आणि एक शाळकरी मुलगा होता. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वनखात्याच्या पथकाने त्या भागात एका बिबट्याला गोळी घातली. त्या दिवसांत तिथल्या शेतकरी बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून रानात जात होत्या. कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तसले पट्टे. ज्या आईबहिणीला आपल्याच शेतात असे जावे लागते, तिला "बिबट्या निसर्गाचा भाग आहे" हे वाक्य ऐकवणे बरे नव्हे.

घाटातल्या आपल्या आदिवासी बांधवांत वाघोबा हा देव आहे. वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवितात आणि गुरेढोरे सुखी ठेव म्हणून मागणे मागतात. त्यांना त्याची भीती नाही असे नाही. भीती आहे म्हणूनच पूजा आहे. पण त्याच्याबरोबर राहायचे कसे, याच्या रीती त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. आपण माळावरची माणसे. आपल्याला तो नवा आहे. रीती आपल्याला आता बसवाव्या लागतील, आणि त्या उसाच्या कामातच बसवाव्या लागतील.

तोडणीच्या वेळी

१. फड चारी बाजूंनी तोडत आत येऊ नये. मध्ये कोंडलेले जनावर शेवटी माणसांतूनच वाट काढते. तोड वस्तीच्या किंवा रस्त्याच्या बाजूने सुरू करून ओढ्याकडे, झाडीकडे किंवा दुसऱ्या उभ्या उसाकडे सरकवावी, म्हणजे त्याला निघून जायला वाट राहते.

२. पहिला कोयता मारण्यापूर्वी आवाज करावा. डबे वाजवावेत, ट्रॅक्टरचा हॉर्न द्यावा. झुंजूमुंजू होण्यापूर्वी फडात शिरू नये. हार्वेस्टर असेल तर चालकाला शेवटच्या सऱ्यांत हळू चालवायला सांगावे.

३. ऊस पेटवू नये. जळीत उसाला कपात बसते हे आपण जाणताच. पण २०१९ साली आंबेगाव तालुक्यात फडातल्या आगीत बिबट्याची पाच पिल्ले होरपळून मेली, हेही लक्षात ठेवा. पिल्ले गमावलेली मादी कुठे आणि कशी फिरेल हे कोणी सांगू शकत नाही.

४. पिल्ले सापडली तर हात लावू नये. तोड थांबवावी, माणसे लांब न्यावीत, गट कार्यालयाला आणि वनखात्याला कळवावे. वनखात्याचा फोन क्रमांक १९२६ आहे. ते लोक पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. मादी रात्री येऊन नेते. आपले काम एवढेच की गर्दी होऊ द्यायची नाही. त्यातून कोणाची शेळी गेली, ते वर सांगितले आहे.

कोप्या आणि टोळीचे बिऱ्हाड

ही माणसे बीड, पाथर्डी आणि आणखी लांबून आपल्या भरवशावर येतात. त्यांच्या कोप्या उभ्या उसाला लागून घालायला सांगू नये. सभासदांनी जागा देताना मोकळी, गावाजवळची द्यावी. अड्ड्यावर एक तरी दिवा रात्रभर जळावा. लेकरांना उघड्यावर, कडेला झोपवू नये. फडाच्या बांधावर झोळीत टाकून आई दोनशे पावले लांब तोडत आहे, असे होऊ नये. पहाटे परसाकडे बायाबापड्या उसाच्या कडेला जातात, तिथे धोका सर्वांत मोठा. माणूस खाली बसला की बिबट्याला तो माणसासारखा दिसत नाही, लहान जनावरासारखा दिसतो. म्हणून एकटीने जाऊ नये आणि हातात बॅटरी असावी.

रात्रीचे पाणी आणि वस्ती

रात्री दारे धरायला एकट्याने जाऊ नये. काठीला घुंगरू, खिशात मोबाइलवर गाणे, हातात जोराची बॅटरी. दारे मोडताना वाकून बसावे लागते. तेव्हा दुसऱ्याने उभे राहावे. गवत कापताना, वाढे गोळा करतानाही हेच. ठिबक असलेल्या सभासदांनी व्हॉल्व्ह उसात न ठेवता बांधावर, उजेडात आणून घ्यावेत. शेतीला दिवसा वीज मिळावी ही आपली मागणी जुनीच आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच कामासाठी चालू आहे. आपल्या गावच्या उपकेंद्रावर तिचे काय झाले, हे ग्रामसभेत विचारा. बिबट्याचा प्रश्न निम्मा विजेचा प्रश्न आहे, असे आमचे मत झाले आहे.

घराभोवती वीस-तीस फूट जागा मोकळी ठेवून मग ऊस लावावा. दोन सऱ्या कमी आल्या तर येऊ द्या. गोठ्याला वरूनही जाळी हवी. नुसता कुडाचा आडोसा त्याला अडवीत नाही. विहिरीला कठडा बांधावा, नाहीतर वर जाळी टाकावी. मेलेले जनावर, कोंबड्या पुरून टाकाव्यात.

जनावर मारले गेले तर ते जागचे हलवू नये. ताबडतोब वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई शासनाकडून मिळते, पण कागद वेळेत झाला तरच. टोळीतल्या माणसाचे जनावर गेले तरी हाच नियम आहे. ती माणसे परजिल्ह्यातली आहेत म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट

फेब्रुवारी महिन्यात एका सभासदाच्या फडात पुन्हा दोन पिल्ले निघाली. फड पाऊण तुटला होता, दहा-बारा सऱ्या राहिल्या होत्या. टोळीने कोयते खाली ठेवले आणि आम्हांला फोन आला. सभासद बांधावर उभे होते. वयाने आमच्यापेक्षा वडील, सारे गाव त्यांना तात्या म्हणते. आम्ही म्हणालो, "तात्या, आज तोड बंद. टोळी शेजारच्या फडावर नेतो. उरलेला ऊस उद्या-परवा."

तात्या तापले. "उद्या-परवा म्हणता, आणि टोळी एकदा गेली की पंधरा दिवस तोंड दाखवत नाही. माझा ऊस वाळला तर बिबट्या भरून देणार काय?"

त्यांचे काय चुकले? टोळी परत येत नाही हा सभासदांचा अनुभव आहे, आणि तो आमच्याच खात्याने दिला आहे. आम्ही खिशातून तोडणीची चिठ्ठी काढली, त्यावर परवाची तारीख घातली आणि सही करून तात्यांच्या हातात दिली. मुकादमाला तात्यांसमोर विचारले, "परवा इथंच येणार ना?" मुकादम म्हणाला, "येतो साहेब. पण पिल्लांना कोणी हात लावायचा नाय. बायका-पोरं हायत आमची इथं."

वनखात्याची माणसे दुपारी आली. दिवस मावळता पिल्ले एका उथळ टोपल्यात त्याच सरीत ठेवली. तात्यांनी स्वतः वाटेवर खाट टाकली आणि गावातली पोरे परत फिरविली. रात्री आम्ही लांब, पाटाच्या कडेला जीपमध्ये बसून होतो. काही दिसले नाही, काही ऐकू आले नाही. सकाळी टोपले रिकामे होते आणि ओल्या सरीत पावलांचे ठसे होते. कोप्यांवर कोणाचे काही गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी टोळी आली, राहिलेला ऊस तुटला आणि त्याच संध्याकाळी काट्यावर गेला.

आम्ही तात्यांना विचारले, आता काय म्हणता? ते म्हणाले, "बिबट्याचं मला काही कौतुक नाही साहेब. पण तुमची टोळी सांगितल्या दिवशी आली, याचं मात्र आहे."

हे उत्तर आम्ही वहीत लिहून ठेवले. एवढ्यावरून आम्ही शेतकी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. पिल्ले किंवा बिबट्या आढळल्यामुळे ज्या फडाची तोड थांबवावी लागेल, त्याची पाळी जाऊ नये. तीच टोळी, लेखी तारखेसह, त्याच फडावर परत यावी. आणि टोळीचे जनावर गेल्यास पंचनामा होईपर्यंत तिला दुसऱ्या गावी हलवू नये. दोन्ही गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, शब्द पाळावा लागतो. येत्या सभेत हा विषय निघेल तेव्हा सभासदांनी आपले मत जरूर मांडावे, विरोधात असले तरी.

बिबट्या आता घाटात परत जाणार नाही. ऊस आहे तोवर तो आहे, आणि ऊस तर आपण सोडणार नाही. तेव्हा एकाच रानात दोघांनी कसे राहायचे याची शिस्त लावून घेणे आपल्याकडेच आले. त्याला काही परिपत्रक पाठविता येत नाही.

असो. खोडवा व्यवस्थापनाचा लेख पुढील अंकी. तोपर्यंत तोड झालेल्या फडात पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटून घ्या, आणि रात्री दारे धरायला एकटे जाऊ नका.

— ऊस विकास अधिकारी